खरवड कुठल्या कप्प्यात घालायची

११ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी थंडी सुरू व्हायच्या आधीपासून टाळतोय. दोनदा कागद आणला. एकावर कुणाला तरी पत्ता लिहून दिला, दुसरा घडी करून खिडकीच्या फटीत कोंबला, वारा येत होता. आज दुकान बंद आहे, कपडे धुऊन झालेत, टाळायला काही उरलं नाही म्हणून बसलोय. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस आणि दुसऱ्याच्या फोनवरून केला की माझं 'हॅलो' ऐकून ठेवून देतेस. म्हणून कागद. कागदही ठेवून देता येतो, पण तोवर दोन ओळी वाचून झालेल्या असतात.

कामाचं आधी सांगतो, नाहीतर मी भरकटेन.

आपली कॅसेट छापायची म्हणतोय एक जण. रेकॉर्डवर, ती मोठी काळी तबकडी असते ना, तिच्यावर. तो म्हणजे दफनवाला. मेटल संगीताच्या त्या साइटवरचा. जगभरचे बँड तिथे कप्प्याकप्प्यांत लावून ठेवलेत आणि कुठला बँड कुठल्या कप्प्यात यावरून लोक एकमेकांच्या नरडीला लागतात. त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही, पण तिथे त्याचा शब्द शेवटचा. आपल्या बँडला, 'खरवड'ला, ब्लॅक मेटलच्या कप्प्यात त्यानेच टाकलं होतं. त्याचं स्वतःचं छोटं लेबल आहे, वर्षाला दोन-चार रेकॉर्डी काढतो. आता त्याला आपण हवे आहोत.

मी हल्ली एका दुरुस्तीच्या दुकानात असतो. (त्याआधी लाँड्रीत होतो. त्याआधी बसडेपोत गाड्या धुवायचो, तिथे एक कुत्रं होतं, फक्त सात नंबरच्या बसवर भुंकायचं. असो.) दुकानातल्या काकांनी परवा विचारलं, घरी का जात नाहीस. सांगितलं. ते पाना खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे जमीन नाही, दागिने नाहीत. बहीणभावाचं ओरडायच्या प्रकारावरून फाटलं?"

"हो."

"असे प्रकार असतात तरी किती?"

म्हटलं, काका, तुम्ही बसा. मग त्यांना समजावलं. डूम म्हणजे हळू आणि जड, गुडघाभर चिखलातून चालल्यासारखं, आवाज पोटातून, खालचा. डेथ म्हणजे आवाज पोटातलाच, पण वेग चढलेला. आणि ब्लॅक म्हणजे वेगही आणि आवाजही वर, घसा सोलून काढलेली किंचाळी, आणि गिटार म्हणजे मधमाश्यांचं मोहोळ. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिक्सर घेऊन येणाऱ्यांना एवढं सांगता आलं असतं ना, कसला आवाज येतोय ते, तर माझे निम्मे कष्ट वाचले असते."

तर त्या दिवशीचं. मी त्या सहा महिन्यांच्या कोर्सवरून तीन आठवड्यांत परत आलो होतो, कॅसेट साइटवर चढवून. बाबांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये तुला मोठ्या ऐटीत फोनवर ऐकवली. तू अर्धं मिनिट ऐकलंस आणि म्हणालीस, "आपण डूम आहोत. हे काय आहे? ही मी नाही. माझा आवाज काढून कुणाचा घातलास?" मी म्हणालो, लोकांना आवडतोय तर तुला लाज वाटायला लागली. तू हातमोजे काढून ठेवलेस आणि निघून गेलीस. आठवड्याने मीही.

दफनवाल्याला तिघांचा होकार हवाय. गिटारवाल्या खिळ्याने दिला. तुझा राहिलाय. एका शब्दाचं उत्तर दिलंस तरी चालेल.

भुंगा

२७ फेब्रुवारी

ताई,

बाबांना फोन केला होता. म्हटलं, पत्र दिलंत का तिला.

"दिलं की. हातात दिलं."

"मग?"

"मग काय. हात तिचा आहे."

तू कुठे राहतेस हेही सांगत नाहीत. म्हणतात, तिचं तिला विचार. मी म्हटलं, बाबा, तेच तर करतोय. ते म्हणाले, "मग मला मध्ये कशाला घेतोस, माझी गॅस कटिंगची वेळ झाली." त्यांची ती वेळ मी फोन केला की बरोबर होते.

माझी खोली बरी आहे. एक पलंग, एक खुर्ची. खुर्चीवर कपडे टाकतो, त्यामुळे ती कुणीतरी बसल्यासारखी दिसते आणि कधीकधी मी तिच्याकडे बघून बोलतो. हसू नकोस. शेजारी एक नर्स राहते, तिची दिवसभर झोप असते, म्हणून मला गाणी कानात घालूनच ऐकावी लागतात. संध्याकाळी साइटवर जातो. तिथे कुणी ना कुणी असतंच. परवा एका बँडला तीन वर्षांनी डेथमधून डूममध्ये हलवलं तर चारशे लोक भांडले. एक म्हणाला, दोन शब्दांच्या मध्ये तिरकी रेघ द्या, म्हणजे कधी हे कधी ते. दुसरा म्हणाला, आडवी द्या, म्हणजे एकाच वेळी दोन्ही. तिसऱ्याने दोघांच्या आया काढल्या. मी पण दोनदा बोललो. तिथे मी म्हणजे 'खरवडचा ड्रमर'. इथे मी म्हणजे काकांच्या दुकानातला तो. तुला फरक कळेल.

खिळ्याला परत फोन केला होता, उगाच. त्याला मुलगी झालीय, बोलताना मागे रडत होती. म्हणाला, "हिला रेकॉर्डिंगला घे, तुमच्या ताईला टक्कर देईल." मग म्हणाला, "भुंग्या, छापायचं तर छाप. पण त्यातली गिटार माझी वाटत नाही रे मला."

"आता तूही?"

"मी तारा किती ढिल्या ठेवायचो माहितीये ना? लोंबायच्या. कपडे वाळत घालता आले असते. साइटवरचं ऐकलं तर ताठ उभ्या आहेत सगळ्या."

पण खिळा म्हणजे खिळा. आपल्या अँपमध्ये उंदीर नसून उंदराचं भूत आहे, असंही तो म्हणायचा. सोडून दिलं.

मग रात्रभर मला शाळेतला गाण्याचा तास आठवत राहिला. तू सातवीत, मी चौथीत, दोन्ही वर्ग एकत्र बसायचे. बाई तुला म्हणायच्या, "तू नुसते ओठ हलव." सगळ्या मुली हसायच्या. तुझा आवाज जाड, म्हणून तू तीन वर्षं नुसते ओठ हलवलेस. मला तेव्हा वाटायचं तुला काही वाटत नाही, कारण तू घरी येऊन नीट जेवायचीस. मग शेडमध्ये पहिल्यांदा तू माइकमध्ये तो आवाज काढलास, सगळ्यात खालचा, आणि पत्रे थरथरले. खिळ्याने वाजवणंच थांबवलं. बाबा बाहेरून ओरडले, "कॉम्प्रेसर कुणी चालू केला रे?" आणि तू हसलीस. बँडचं नाव तूच ठेवलंस. म्हणालीस, भांड्याच्या तळाला जे चिकटून राहतं, घासलं तरी जात नाही, ती खरवड, ते आपण.

उत्तर दे. नाही म्हणालीस तरी दे.

भुंगा

१० मार्च

ताई,

हे नीट वाच. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर परत लिहीन.

आज दुकानात एका बाईने टेपरेकॉर्डर आणला. आपलाच. म्हणजे आपला नव्हे, पण तोच राखाडी, वर हँडल असलेला. काकांनी मला वेग तपासायला दिला. त्यासाठी एक खास कॅसेट असते, तिच्यात एकच सूर भरलेला असतो, लांबच लांब. तो वाजवायचा, आणि मोटरच्या मागे एका बारीक भोकात एक स्क्रू असतो, तो बारीक पेचकसाने फिरवत सूर बरोबर आणायचा. मी उलट बाजूला फिरवला. सूर खाली गेला. खाली, खाली, गाय हंबरावी तसा झाला.

आणि मला स्वयंपाकघर दिसलं. बाबा टेबलावर पेचकस घेऊन बसलेत, त्यांना परदेशात काम मिळणार होतं म्हणून ते तिथली भाषा शिकतायत, आणि कॅसेटमधली बाई धडा शिकवता शिकवता बुवा झाली. आठवतं? आपण दोघं टेबलाखाली लोळलो होतो हसून.

तिथूनच फोन लावला.

"बाबा, त्या राखाडी टेपचा वेग तुम्ही कमी केला होतात ना?"

"केला मग. ती बाई पळायची नुसती. माझ्या डोक्यात एक शब्द शिरेपर्यंत ती बाजारात जाऊन परत आलेली असायची."

"नंतर पुन्हा वाढवला?"

"कशाला? ते काम गेलं बोंबलत. नंतर तो टेप तुम्हीच घेतलात, ओकाऱ्या भरायला."

कळतंय का ताई? आपण सगळं त्याच मशीनवर भरलं, हळू फिरणाऱ्या. पाऊण वेगाने फिरत असणार, आज इथला स्क्रू शेवटपर्यंत फिरवून मोजलं. त्याच मशीनवर वाजवलं तर जसंच्या तसं ऐकू येणार. तू ती कॅसेट फक्त त्याच्यावर ऐकलीस. मी ती कोर्सला घेऊन गेलो आणि तिथल्या पोराच्या भारी डेकवरून साइटवर चढवली. त्याचा डेक पूर्ण वेगाचा. सगळं पळालं आणि सगळं वर चढलं. खिळ्याच्या लोंबणाऱ्या तारा ताठ झाल्या. तुझा पोटातला आवाज घशात आला. आणि मी ताशी शंभरने वाजवायला लागलो.

मला कळलं कसं नाही, विचारशील. मला वाटलं आपलं मशीन मातकट, म्हणून घरी सगळं झोपाळू वाटायचं, आणि चांगल्या मशीनवर आपण खरे असे आहोत. साइटवर कुणीतरी लिहिलं होतं, 'हा ड्रमर माणूस आहे की शिलाई मशीन'. आता असं कुणी म्हटल्यावर मी कशाला शंका घेतोय.

दुपारी काका जेवायला गेले. त्या बाईचं मशीन आपल्या वेगावर आणलं आणि खोलीवरून आपली कॅसेट आणून घातली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पहिला ठोका पडला आणि दुसरा यायला इतका वेळ लागला की मला वाटलं पट्टी अडकली. मग गिटार आली, ओल्या गोणीसारखी. आणि मग तू.

मला लिहिता येत नाही तो आवाज कसा आहे. ओरडणं नाहीच ते. तू घाबरवत नाहीस कुणाला. कुणीतरी मोठं जनावर जमिनीवर अंग टाकून, श्वास सोडत, हळूहळू काहीतरी सांगतंय, आणि ऐकणाऱ्याला कुठे जायची घाई नाही. मागे चटचट ऐकू येतं, ते बाबा वेल्डिंग करतायत. (साइटवर त्याला लोकांनी 'कच्चं वातावरण' म्हटलं होतं, त्यावर दोन पानं चर्चा आहे.) दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तू म्हणतेस, "भुंग्या, घाई करू नकोस." ते आतापर्यंत कुणालाच कळलं नव्हतं, चिमणी ओरडल्यासारखं वाटायचं. मलाही.

काका आले तेव्हा मी मशीनच्या पुढ्यात बसलो होतो. म्हणाले, "बिघडलं का?" म्हटलं, नाही.

तुझा आवाज काढून दुसरा घातलाय म्हणालीस ते खरंच होतं. फक्त तो कुणी घातला नव्हता.

भुंगा

३० मार्च

ताई,

दफनवाल्याला खऱ्या वेगाचं पाठवलं. मला वाटलं तो नाचेल. त्याने दोन दिवसांनी लिहिलं (मी आपल्या भाषेत करून सांगतो): 'मित्रा, हे छान आहे, पण हे डूम आहे. डूम माझ्याकडे पोत्याने पडलंय. माझ्या लोकांना ती किंचाळी पाहिजे. ती जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.'

म्हटलं, आमच्याकडेही नव्हती.

मग ते त्याने साइटवर टाकलं आणि आग लागली. एक टोळी म्हणते, लोकांनी ज्याच्यावर जीव लावला तेच खरं, मशीन चुकलं असेल तर मशीनलाही बँडमध्ये घ्या. दुसरी म्हणते, हे दोन वेगळे बँड म्हणून नोंदवा. रेघवाले परत आले, तिरकी की आडवी. एकाने लिहिलं, 'बँडमधल्या लोकांना आपला प्रकार कळतोच असं नाही.' त्याला सगळ्यात जास्त लोकांनी दाद दिली. कुणीही तुझ्याबद्दल विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण 'ती किंचाळी' असं.

दफनवाला म्हणतो, दहा एप्रिलपर्यंत सांग. पळणारं छापू, कव्हरवर 'ब्लॅक मेटल' लिहू, नाहीतर राहू दे. खिळा म्हणतो, "छाप रे. मुलगी मोठी झाल्यावर दाखवायला तरी काहीतरी." त्याचंही चुकत नाही.

आणि खरं सांगू? पळणारं मला अजूनही आवडतं. एवढी वर्षं खोल्या बदलताना, नोकऱ्या सोडताना तेच कानात होतं. 'नाही' म्हटलं तर त्या साइटवर मला कोण उभं करणार? तिथले लोक सोडले तर माझ्याशी संध्याकाळी बोलणारं कुणी नाही. नर्स जिन्यात हसते, एवढंच. तू सांगितलंस तर मी लगेच 'नाही' कळवतो. तू गप्प राहिलीस तर मला एकट्याला ठरवावं लागेल. आणि मी एकट्याने काय ठरवतो ते तू बघितलं आहेस, कोर्स, लाँड्री, सगळं.

बाबा म्हणाले, सगळी पत्रं देतो तिला. ती वाचते का, विचारलं. "पाकिटं फोडलेली दिसतात," म्हणाले. एवढं पुरलं मला दोन दिवस.

भुंगा

१६ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. दहा तारखेला मी 'नाही' कळवलं.

फार विचार करून नाही. दुपारी चहा प्यायला गेलो होतो. टपरीवर एक पोरगी फोनवर जोरात बोलत होती, तिची मैत्रीण म्हणाली, "हळू गं, काय बाप्यासारखा आवाज आहे तुझा." ती पोरगी लगेच बारीक आवाजात बोलायला लागली. तसंच बोलत राहिली, शेवटपर्यंत. मी चहा अर्धा टाकून परत आलो आणि कळवून टाकलं.

वर हेही लिहिलं की कॅसेट मी चढवली होती, तर ती उतरवा. त्यावर दफनवाला चिडला. म्हणाला, ती आता तुझी नाही, लोकांची आहे. मी म्हटलं, लोकांची असेल, पण आवाज माझ्या बहिणीचा आहे, तोही अर्धवट. तीन दिवस भांडलो. शेवटी उतरवली, पण माझं खातंही बंद केलं. आणि हळूवाली तिथे लावायची तर ती आधी कुठेतरी छापलेली असावी लागते, असा त्यांचा नियम. म्हणजे 'खरवड' आता कुठल्याच कप्प्यात नाही. ब्लॅक नाही, डूम नाही, रेघसुद्धा नाही. खिळा चार दिवस बोलला नाही, मग मुलीचा फोटो पाठवला.

संध्याकाळ फार लांब असते. आता कळलं. फोन हातात घेतो आणि कुठे जायचं ते आठवत नाही. काल पायी नदीच्या पुलापर्यंत गेलो, आलो. परत गेलो. तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही, तू मागितलं नव्हतंस. मला ते दोन्ही आवाज एकाच वेळी ठेवता येईनात, एवढंच. आता काकांकडे

थांब. दार वाजलं होतं. पुढचं घाईत लिहितोय.

दारात एक उंच माणूस. शर्ट खोचलेला, घामाघूम. म्हणाला, "भुंगा म्हणजे तूच ना? खाली गोदामात शिरलो चुकून. तिथल्या माणसाने मला बोलूच दिलं नाही, तीन सोफे दाखवले." मग रुमालाने मान पुसत म्हणाला, "मी तुझ्या ताईचा नवरा."

मी म्हटलं, कधी झालं. गेल्या वर्षी, म्हणाले. बरं.

खुर्चीवरचे कपडे काढले, त्यांना बसवलं. पाणी दिलं. पहिल्यांदा फोनवर तुझ्याशी बोलले तेव्हा दहा मिनिटं तुला 'साहेब, साहेब' करत होते म्हणे, आणि तू एकदाही दुरुस्त केलं नाहीस. सांगताना अजून लाजतात. मला आवडले.

"ती?" मी विचारलं.

"खाली, गाडीत. मला म्हणाली, आधी तू जा आणि विचारून ये, कुठला आवाज छापायला दिला."

"तिला पत्रात लिहितच होतो."

"मग पुरं कर. मी नेऊन देतो. वाचेल आणि ठरवेल, वर यायचं की गाडी काढायची. मला तिने दोन्ही सांगून ठेवलंय."

ते आता माझ्या डोक्यावर उभे आहेत, उन्हात गाडी तापते म्हणतात. मी खिडकीशी गेलेलो नाही. हा कागद घडी न करताच देतोय.

जिना डाव्या हाताला आहे, ताई. समोरच्या दारात शिरू नकोस, सोफे दाखवतात.